कोअर बायोप्सीत (जाड सुईने घेतलेल्या तुकड्यात) स्तनाचा लिंफोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) निघाला: ऑपरेशन थांबवायचं का, आणि पुढचा क्रम काय?

प्रश्न: ब्रेस्ट_सर्जरी

स्त्री, वय ६३. उजव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात साडेचार सेंमीची गाठ, दोनेक महिन्यांत झपाट्याने वाढलेली, न दुखणारी. त्वचा आणि स्तनाग्र व्यवस्थित, स्राव नाही. काखेत दीड-दोन सेंमीची एक हलणारी गाठ हाताला लागते. ताप, वजन घटणं, रात्री दरदरून घाम यांतलं काही नाही. मॅमोग्राममध्ये दाट, लंबगोल सावली. कॅल्सिफिकेशन नाही, आजूबाजूची रचना ओढली गेलेली नाही.

पहिला रिपोर्ट होता: हाय ग्रेड कार्सिनोमा (स्तनाचा नेहमीचा कॅन्सर), ईआर, पीआर, हर-टू हे तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह. त्यावर आधी केमो आणि मग मास्टेक्टमी (पूर्ण स्तन काढणं) असं ठरत आलं होतं. स्लाइड दुसरीकडे वाचायला दिल्यावर केराटिन (कार्सिनोमाची खूण) निगेटिव्ह, एलसीए (पांढऱ्या पेशींची खूण) आणि सीडी२० (बी-पेशींची खूण) पॉझिटिव्ह निघालं. आता रिपोर्ट म्हणतो, ‘मोठ्या पेशींचा बी-सेल लिंफोमा, पुढील तपासण्यांसाठी टिश्यू अपुरं’.

विचारायचं ते असं. जास्त टिश्यूसाठी पूर्ण गाठच काढावी की पुन्हा कोअर घ्यावी? मास्टेक्टमी आणि काखेच्या ऑपरेशनला इथे काही जागा उरते का? घरच्यांचा ‘गाठ तेवढी काढून टाका’ असा आग्रह आहे, त्यांना काय सांगायचं? स्टेजिंगमध्ये काय चुकवू नये? आणि आजार मेंदूत परत येण्याबद्दल जे वाचायला मिळतं, त्यासाठी वेगळं काही द्यावं लागतं का?

उत्तर १: पॅथॉलॉजी_टेबल

डॉक्टर, तुमच्या केसमध्ये जे घडलं ते या आजारात नेहमीच घडू शकतं, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

स्तनातल्या सगळ्या कॅन्सरमध्ये लिंफोमाचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. त्यामुळे स्तनाची कोअर हातात आली की डोळा कार्सिनोमा शोधतो. मोठ्या, एकमेकींना न चिकटलेल्या पेशींची चादर दिसली, पहिल्याच फेरीत ईआर-पीआर-हर-टू लावले, तिन्ही निगेटिव्ह आले की ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो. लिंफोमात हे तिन्ही निगेटिव्ह येणारच. म्हणून गाठ नळ्या बनवत नाही, इन सिटूचा (नळ्यांच्या आतच थांबलेल्या कॅन्सरचा) पट्टा कुठेच नाही, पेशी सुट्या सुट्या आहेत असं दिसलं की रिसेप्टरच्या आधी केराटिन आणि एलसीए ही जोडी लावायला हवी.

दुसरी फसगत लोब्युलर कार्सिनोमाशी (स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार, ज्यात पेशी सुट्या असतात) होते. लिंफोमाच्या पेशीही कधी कधी तंतूंमधून एका ओळीत घुसतात. अशा वेळी कुणी ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन) लावतं, ते निगेटिव्ह येतं आणि लोब्युलर पक्कं झालं असं वाटतं. पण लिंफोमातही ई-कॅडहेरिन नसतंच. केराटिन पाहिल्याशिवाय त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही.

एलसीए निगेटिव्ह आलं म्हणून लिंफोमा बाद करू नका. प्लाझ्माब्लास्टिक आणि अ‍ॅनाप्लास्टिक प्रकारांत ते फिकं किंवा निगेटिव्ह असू शकतं आणि वर ईएमए पॉझिटिव्ह येऊन कार्सिनोमाकडे ढकलतं. तिथे सीडी१३८ आणि सीडी३० मदतीला येतात.

आता तुमच्या केसला नक्की काय लागेल ते. सीडी२०, सीडी३, सीडी५, सीडी१०, बीसीएल-६, एमयूएम-१, बीसीएल-२, एमवायसी, सायक्लिन डी-१, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते) आणि ईबीव्ही विषाणूसाठी ईबर. सीडी१०, बीसीएल-६ आणि एमयूएम-१ या तिघांवर हान्सची पद्धत (लिंफोमा कोणत्या बी-पेशींतून उगवला ते ठरवणारी) चालते. प्रत्येकाची रेघ ३० टक्के पेशींची. सीडी१० पॉझिटिव्ह तर जर्मिनल सेंटर प्रकार. सीडी१० निगेटिव्ह आणि बीसीएल-६ही निगेटिव्ह तर नॉन-जर्मिनल. बीसीएल-६ पॉझिटिव्ह असेल तर एमयूएम-१ ठरवतं: पॉझिटिव्ह असलं तर नॉन-जर्मिनल, नसलं तर जर्मिनल. स्तनातले बहुतेक डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा नॉन-जर्मिनल निघतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत एमवायडी८८ एल२६५पी आणि सीडी७९बी हे बदल सापडतात, म्हणजे जनुकांच्या पातळीवर यांचं नातं मेंदूतल्या आणि वृषणातल्या लिंफोमाशी आहे. मेंदूबद्दलचा तुमचा प्रश्न इथूनच उगवतो.

एमवायसी ४० टक्के किंवा जास्त आणि बीसीएल-२ ५० टक्क्यांहून जास्त असेल तर तो डबल एक्स्प्रेसर. डबल हिट वेगळं: ते फिशवर (जनुक तुटलंय का ते दाखवणाऱ्या तपासणीवर) ठरतं, स्टेनवर नाही. एमवायसीचं फिश लावा, तुटलेलं निघालं तर बीसीएल-२ आणि बीसीएल-६ लावा. औषधांचा आराखडाच बदलणारी ही तपासणी आहे, त्यामुळे टिश्यू संपलं म्हणून ती सोडून देऊ नये.

टिश्यूबद्दल. लिंफॉइड पेशी फार नाजूक. चिमट्यात दाबल्या की निळा चिखल होतो आणि त्यातून कुणालाच काही वाचता येत नाही. कोअर सुईतून अलगद फॉर्मॅलिनमध्ये सोडायच्या, गॉझवर घासायच्या नाहीत. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, किमान ६ तास, ७२ तासांच्या वर नाही. एक-दोन कोअर फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींच्या तपासणीसाठी) आरपीएमआय द्रवात ताज्या पाठवल्या तर उत्तम, पण मोठ्या पेशी त्या प्रक्रियेत फुटून जातात. त्यामुळे फ्लो निगेटिव्ह आलं तरी हिस्टॉलॉजीच (स्लाइडवरचं वाचन) खरी धरा. एफएनएसीवर (बारीक सुईने काढलेल्या पेशींवर) विसंबू नका. फ्रोझनवर (ऑपरेशन चालू असताना गोठवून केलेल्या झटपट तपासणीवर) तर अजिबात नको. फ्रोझनवर ‘कार्सिनोमा’ ऐकून टेबलावरच मास्टेक्टमी झाली तर ती भरून निघत नाही.

आणि मागणीपत्रावर ‘लिंफोमाची शंका’ एवढे दोन शब्द लिहा. त्या दोन शब्दांवर आमच्याकडे ब्लॉक कापायचा क्रम बदलतो: आधीच दहा-बारा कोऱ्या स्लाइड कापून ठेवतो, म्हणजे प्रत्येक वेळी ब्लॉक नव्याने घासून टिश्यू वाया जात नाही.

उत्तर २: ब्रेस्ट_इमेजिंग

पहिल्या प्रश्नापुरतं. पूर्ण गाठ काढू नका. सोनोग्राफीखाली १४ गेजच्या सुईने पुन्हा पाच-सहा कोअर घ्या. गाठीच्या मध्यावर मृत भाग असू शकतो, त्यामुळे कडेच्या, डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसणाऱ्या भागातून घ्या. काखेतल्या गाठीचीही वेगळी कोअर घ्या आणि डब्या वेगळ्या ठेवा.

बायोप्सीनंतर गाठीत मार्कर क्लिप सोडायला विसरू नका. लिंफोमा केमोने इतका झटपट विरघळतो की दोन सायकलनंतर (केमोच्या दोन फेऱ्यांनंतर) सोनोग्राफीत जागाही सापडत नाही, आणि मग रेडिएशनवाले सहकारी विचारतात, ‘गाठ होती कुठे?’

मॅमोग्रामचं वर्णन या आजाराला शोभणारं आहे: एकच दाट गोलसर गाठ, कॅल्सिफिकेशन नाही, काटेरी कडा नाहीत. पण नुसत्या चित्रावरून फायब्रोअ‍ॅडिनोमा, मेड्युलरी कार्सिनोमा आणि लिंफोमा वेगळे करता येत नाहीत. ज्या वयात नवा फायब्रोअ‍ॅडिनोमा सहसा उगवत नाही, त्या वयात भरभर वाढणारी गुळगुळीत गाठ दिसली तर मात्र शंका घ्यायलाच हवी.

उत्तर ३: लिंफोमा_क्लिनिक

वरच्या दोघांशी पूर्ण सहमत. मास्टेक्टमीचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण पेशंटचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

लिंफोमा हा रक्तपेशींचा आजार आहे. तो स्तनात दिसतो, पण स्तनापुरताच थांबलेला आहे असं धरून चालता येत नाही. स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. आंतरराष्ट्रीय एक्स्ट्रानोडल (लिंफ नोडच्या बाहेरच्या) लिंफोमा गटाने २००८ मध्ये २०४ पेशंटची माहिती एकत्र मांडली. त्यात मर्यादित शस्त्रक्रिया, अँथ्रासायक्लिन (डॉक्सोरुबिसिनसारखं औषध) असलेली केमो आणि रेडिएशन मिळालेल्यांचं आयुष्य जास्त निघालं. मास्टेक्टमीमुळे दोन-तीन आठवडे जखम भरण्यात जातात आणि तेवढी केमो लांबते. केआय-६७ ८०-९० टक्के असलेल्या आजारात तो उशीर महाग पडतो. काख साफ करण्यालाही जागा नाही. सेंटिनेल नोडही (काखेतली पहिली गाठ काढून पाहणं) नको. हात सुजेल, हाती काही लागणार नाही.

घरच्यांना असं सांगता येईल: ‘ही गाठ दिसते स्तनात, पण आजार रक्तातल्या पेशींचा आहे. कापून तो सुटत नाही, औषधाने विरघळतो, आणि पहिल्या एक-दोन डोसांतच गाठ लहान झालेली तुमच्या हाताला लागेल.’ शेवटचं वाक्य त्यांना धीर देतं आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

व्याख्या एकदा मनात पक्की करा. १९७२ साली वाइजमन आणि लियाओ यांनी मांडलेले निकष आजही वापरतात: टिश्यू पुरेसं हवं, त्यात स्तनाचं टिश्यू आणि लिंफोमा एकमेकांला लागून दिसायला हवेत, आधी दुसरीकडे लिंफोमा झालेला नसावा आणि आता शरीरभर पसरलेला नसावा. त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी एकाच वेळी असतील तर चालतात. स्तनातल्या लिंफ नोडमध्येच आजार असेल तर तो या व्याख्येत बसत नाही. कोअरमध्ये नळ्या-लोब्युल दिसायला हव्यात त्या याचसाठी.

स्टेज: फक्त एक स्तन म्हणजे १-ई. स्तन आणि त्याच बाजूची काख म्हणजे २-ई, तुमची केस बहुधा ही. दोन्ही स्तनांत असेल तर कुणी २ धरतं, कुणी ४. उपचार मात्र पूर्ण केमोचेच करावे लागतात, त्यामुळे त्या वादात वेळ घालवू नका.

तपासण्यांची यादी मोठी नाही, पण क्रम महत्त्वाचा. पेट-सीटी (आजाराची जागा चकाकून दाखवणारा स्कॅन) स्टेरॉइड सुरू करण्याआधी. बायोप्सी तर त्याहूनही आधी: प्रेडनिसोलोनच्या दोन-चार दिवसांत लिंफोमाच्या पेशी मरतात आणि नमुन्यात नुसतं मृत टिश्यू येतं. ‘गाठ सुजलीय’ म्हणून कुणी स्टेरॉइड सुरू केलंय का, हे पेशंटला स्पष्ट विचारा. एलडीएच (आजाराचा भार सांगणारी रक्ततपासणी), यूरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, सीबीसी, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. टू-डी इको अँथ्रासायक्लिनच्या आधी, इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्क्यांच्या वर हवं. मोठ्या पेशींच्या लिंफोमात पेटवर हाडात काही दिसत नसेल तर बोन मॅरो बहुधा लागत नाही.

हिपॅटायटिस बीसाठी फक्त एचबीएसएजी (विषाणू आता आहे याची खूण) पाहून थांबू नका. अँटी-एचबीसी (विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण) पाहिलंच पाहिजे. ते पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असलेल्यांतही रिटुक्सिमॅबखाली (सीडी२०वर मारा करणाऱ्या औषधाखाली) विषाणू जागा होऊ शकतो आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. दोन्हींपैकी काहीही पॉझिटिव्ह आलं तर विषाणूचा डीएनए मोजा, एंटेकॅविर ०.५ मिग्रॅ रोज किंवा टेनोफोविर सुरू करा, आणि शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने चालू ठेवा. केमो संपली की गोळी बंद, ही चूक सर्रास होते. विषाणू नेमका त्यानंतरच्या महिन्यांत उसळतो.

आता औषधं. कणा आर-चॉप या पाच औषधांच्या संचाचाच, दर २१ दिवसांनी, सहा सायकल. रिटुक्सिमॅब ३७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, सायक्लोफॉस्फमाइड ७५०, डॉक्सोरुबिसिन ५०, व्हिंक्रिस्टिन १.४ पण कमाल २ मिग्रॅ, आणि प्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ पाच दिवस. १.६ चौरस मीटरच्या पेशंटला म्हणजे रिटुक्सिमॅब ६०० मिग्रॅ, सायक्लोफॉस्फमाइड १२०० मिग्रॅ, डॉक्सोरुबिसिन ८० मिग्रॅ. व्हिंक्रिस्टिनचं गणित २.२४ येतं, पण द्यायचं २ मिग्रॅच. सहा सायकलींत डॉक्सोरुबिसिन एकूण ३०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर होतं, हृदयाच्या धोक्याच्या रेषेखाली.

पहिलं रिटुक्सिमॅब तासाला ५० मिग्रॅने सुरू करा, दर अर्ध्या तासाने ५० वाढवत ४०० पर्यंत. थंडी, खाज, रक्तदाब खाली आला की थांबवा, लक्षणं ओसरल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करा. रक्तदाबाच्या गोळ्या त्या सकाळी देऊ नका. वय साठीच्या पुढे आणि गाठ मोठी असेल तर पाच-सात दिवस आधी नुसतं प्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ दिलं तर पहिली सायकल सोसायला सोपी जाते (बायोप्सी आणि पेट झाल्यावरच). अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० मिग्रॅ पहिल्या सायकलपुरतं, पाणी भरपूर. केमोनंतर २४ तास उलटल्यावर पेगफिलग्रास्टिम ६ मिग्रॅ; या वयात पांढऱ्या पेशी उतरण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

चार सायकलींवर भागवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते साठीच्या आतल्या, नॉर्मल एलडीएच असलेल्या, लहान गाठींच्या पेशंटमध्ये. ते मोजमाप इथे लावू नये. एलडीएच वाढलेलं निघालं तर वयाचा एक आणि त्याचा एक असा आयपीआय (धोक्याचे गुण) २ होतो. मग व्हिंक्रिस्टिनच्या जागी पोलाटुझुमॅब १.८ मिग्रॅ प्रति किलो घेऊन केलेला पोला-आर-सीएचपी हाही पर्याय समोर ठेवता येतो. फिशमध्ये एमवायसी आणि बीसीएल-२ दोन्ही तुटलेले निघाले तर आर-चॉपवर थांबू नका, तिथे डोस-अ‍ॅडजस्टेड ईपॉक-आर या जास्त तीव्र केमोकडे वळणारे जास्त.

प्रतिप्रश्न: ब्रेस्ट_सर्जरी

मनापासून आभार. ऑपरेशनची तारीख रद्द केली, कोअर आणि क्लिप ठरली. दोन गोष्टी राहिल्या. मेंदूसाठी प्रतिबंधक उपचार द्यायचे की नाही? आणि सहा सायकलींनंतर पेट पूर्ण स्वच्छ आलं तरी रेडिएशन लागेल का?

उत्तर ४: लिंफोमा_क्लिनिक

मेंदूबद्दल एकमत नाही. माझा कल लिहितो. सीएनएस-आयपीआय (आजार मेंदूत परतण्याच्या धोक्याचे गुण) मोजा: साठीच्या पुढचं वय, वाढलेलं एलडीएच, चालण्या-फिरण्याची स्थिती ईकॉग २ किंवा त्याहून वाईट, स्टेज ३-४, एकाहून जास्त एक्स्ट्रानोडल जागा, आणि किडनी किंवा अ‍ॅड्रिनल. प्रत्येकाला एक गुण. ४ ते ६ म्हणजे जास्त धोका. यात स्तनाला वेगळा गुण नाही, तरी बरीच मार्गदर्शक तत्त्वं स्तन आणि वृषण यांना गुणांपलीकडे धोक्याच्या जागा मानतात.

ज्यांना द्यायचं त्यांना हाय-डोस मेथोट्रेक्झेट, ३ ते ३.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर, दोन ते चार तासांत, दोन सायकल, सहा आर-चॉप संपल्यावर. दोन आर-चॉपच्या मध्ये १५ व्या दिवशी घुसवायची पद्धत होती, पण त्यात किडनी आणि तोंडाच्या व्रणांमुळे पुढची आर-चॉप लांबते. मूळ आजाराचा उपचार मागे पडून प्रतिबंध पुढे गेला, तर सौदा उलटा झाला.

देताना क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीचा गाळण्याचा वेग) मिनिटाला ५० मिलीच्या वर हवा. छातीत किंवा पोटात पाणी असेल तर देऊ नका. औषध त्या पाण्यात साठून दिवसेंदिवस झिरपत राहतं. लघवीचा पीएच ७ च्या वर आल्याशिवाय मेथोट्रेक्झेटची पिशवी लावायची नाही आणि औषध निघेपर्यंत तो खाली येऊ द्यायचा नाही. सलाइन अडीच-तीन लिटर प्रति चौरस मीटर दिवसाला. पँटोप्राझोल, कोट्रायमोक्झाझोल, दुखण्याच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधीच बंद. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्झेटचा उतारा) २४ व्या तासापासून १५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर दर ६ तासांनी, रक्तातली पातळी ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईपर्यंत. पातळी मोजण्याची सोय नसेल तर हे औषध त्या ठिकाणी देऊच नये.

उत्तर ५: हिमॅटो_वॉर्ड

वरच्या मताला थोडी वेगळी बाजू. अलीकडच्या मोठ्या मागोवा-अभ्यासांत हाय-डोस मेथोट्रेक्झेट मिळालेल्या आणि न मिळालेल्या पेशंटमधला फरक फारच लहान निघाला आहे. म्हणून ६३ वर्षांच्या, सीएनएस-आयपीआय एक-दोन असलेल्या पेशंटला केवळ ‘स्तन आहे’ एवढ्यावर किडनीचा धोका पत्करायला लावणं पटत नाही. नॉन-जर्मिनल प्रकार, डबल एक्स्प्रेसर, वाढलेलं एलडीएच, दोन्ही स्तनांत आजार यांतलं काही जोडीला असेल आणि किडनी खणखणीत असेल तर चर्चा करावी, पेशंटलाही या चर्चेत बसवावं.

पाठीतून (मणक्यातल्या पाण्यात) मेथोट्रेक्झेट १२ मिग्रॅ देण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. रिटुक्सिमॅबच्या काळात मेंदूतला आजार बहुतेकदा मेंदूच्या गाभ्यात परततो, आणि पाठीतून दिलेलं औषध तिथपर्यंत पुरेसं पोचत नाही. त्यावर भिस्त ठेवू नये.

तरीही कुठे देतच असतील तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. व्हिंक्रिस्टिन चुकून पाठीत गेलं तर पेशंट वाचत नाही. व्हिंक्रिस्टिन कधीच सिरिंजमध्ये भरायचं नाही, नेहमी ५० मिलीच्या छोट्या पिशवीत, शिरेतून. पाठीतलं औषध आणि व्हिंक्रिस्टिन एकाच ट्रेमध्ये, एकाच खोलीत, एकाच वेळी ठेवायचं नाही.

प्रतिबंध द्या न द्या, उपचारानंतर नवी डोकेदुखी, वागण्यात बदल, तोल जाणं, दोन-दोन दिसणं यांसाठी एमआरआयचा उंबरठा खाली ठेवा. ‘केमोचा थकवा’ म्हणून आठवडे घालवू नका.

उत्तर ६: रेडिएशन_प्लॅनिंग

पेट स्वच्छ आलं तरी बहुतेक केंद्रं रेडिएशन देतात, आणि आमचंही मत द्यावं असंच आहे. नुसत्या केमोनंतर त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही, आणि या डोसला त्रास कमी.

पूर्ण प्रतिसादानंतर ३० ते ३६ ग्रे, रोज १.८ ते २ ग्रे. केमो संपल्यानंतरचं पेट झालं की सुरुवात. क्षेत्र संपूर्ण स्तन. गाठीच्या जागेपुरतं आखडतं घेण्याची सवय इथे लावू नये, कारण स्तनात सूक्ष्म ठिकाणी आजार विखुरलेला असू शकतो. काख सुरुवातीला बाधित होती असं कोअरवर किंवा पेटवर दिसलं असेल तर ती धरायची, नसेल तर सोडायची. म्हणून काखेच्या कोअरचं उत्तर आम्हाला हवंच असतं. दुसऱ्या, निरोगी स्तनाला प्रतिबंध म्हणून रेडिएशन देत नाही. पेटवर काही उरलेलं असेल आणि बायोप्सीत आजार सिद्ध होऊनही पुढची मोठी केमो शक्य नसेल, तर डोस ४० च्या वर न्यावा लागतो.

डावा स्तन असता तर खोल श्वास धरून रेडिएशन देण्याचा आग्रह धरला असता. डॉक्सोरुबिसिन झालेल्या हृदयावर आणखी भार नको. उजवीकडे लिव्हरचा वरचा भाग आणि फुप्फुस सांभाळायचं. पहिलं पेट आणि मॅमोग्राम आमच्याकडे मूळ फाइलमध्ये पाठवा, फक्त रिपोर्ट नको.

पुढे कुणाला मास्टेक्टमी होऊन गेल्यावर लिंफोमा कळला, तर उपचार तेच राहतात: पूर्ण केमो, आणि रेडिएशन छातीच्या भिंतीला. ‘गाठ तर गेली’ म्हणून केमो टाळणं हीच तिथली खरी चूक.

उत्तर ७: पॅथॉलॉजी_टेबल

कोअर पुन्हा येतेय, तर एक पुरवणी. सगळेच स्तनाचे लिंफोमा आर-चॉपचे नसतात, म्हणून प्रकार ठरल्याशिवाय पहिली सायकल लावू नका.

माल्ट प्रकार संथ असतो. एकाच स्तनापुरता असेल तर २४ ग्रे, १२ भागांत, एवढ्यावर भागतं. त्याला सहा आर-चॉप देणं म्हणजे मुंगीवर घण. पण इथे बोन मॅरो करून घ्या, कारण फक्त रेडिएशनवर थांबायचं तर आजार खरोखर स्थानिक आहे हे कळायला हवं. वाचताना मधुमेही मॅस्टोपथीपासून जपा: दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत नळ्यांभोवती लिंफोसाइटचे थवे दिसतात आणि ते बहुतेक बी पेशींचेच असतात. सीडी२० जास्त दिसलं म्हणून माल्ट होत नाही, हलक्या साखळीचं एकतर्फीपण किंवा क्लोनॅलिटी (सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या असणं) दाखवावी लागते.

गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या तरुण स्त्रीचे दोन्ही स्तन काही आठवड्यांत घट्ट सुजले, अँटिबायोटिकने उतरले नाहीत, तर बर्किट (फार झपाट्याने वाढणारा लिंफोमा) डोक्यात ठेवा. केआय-६७ जवळजवळ १०० टक्के, एमवायसी तुटलेलं. तिथे आर-चॉप कमी पडतं, केमोची जास्त तीव्र पद्धत आणि मेंदूसाठी उपचार दोन्ही लागतात, आणि ट्यूमर लायसिसची (गाठीच्या पेशी एकदम फुटून रक्तात घाण साचण्याची) तयारी पहिल्या तासापासून.

इम्प्लांट असलेल्या स्तनात वर्षांनंतर अचानक पाणी भरून एक बाजू फुगली तर ते पाणी फेकू नका. किमान ५० मिली सायटोलॉजी, सेल ब्लॉक, सीडी३० आणि फ्लोसाठी पाठवा. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला हा अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिंफोमा सीडी३० पॉझिटिव्ह, एएलके निगेटिव्ह असतो. आणि या संपूर्ण धाग्यात एवढ्या एकाच ठिकाणी ऑपरेशन हाच मुख्य उपचार आहे: इम्प्लांट आणि त्याभोवतालचं कॅप्सूल पूर्ण, एकसंध काढायचं. कॅप्सूलच्या आतच असेल तर बहुधा पुढे काही लागत नाही.

प्रतिप्रश्न: ब्रेस्ट_सर्जरी

शेवटचं. पेट कधी कधी करायचं, आणि शेवटच्या पेटवर थोडं चकाकलं तर?

उत्तर ८: लिंफोमा_क्लिनिक

दोन ते चार सायकलींनंतर एकदा, केमो संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा. रेडिएशनचा निर्णय या दुसऱ्या पेटवर घ्यायचा, म्हणून त्याची तारीख रेडिएशनवाल्यांशी बोलून ठरवा. रेडिएशननंतर पेट करायचंच असेल तर १२ आठवडे जाऊ द्या. आधी केलं तर सूज चकाकते.

डोव्हिल (पेटवर किती चकाकतं त्याचे १ ते ५ गुण) १ ते ३ म्हणजे प्रतिसाद पूर्ण. ४ किंवा ५ आलं तर आधी त्या जागेची कोअर घ्या, मग औषध बदला. क्लिप असल्याने जागा सापडेल. हाडं सगळीकडे सारखी उजळलेली दिसली तर पेगफिलग्रास्टिम कधी दिलं ते पाहा, बहुधा त्याचाच परिणाम असतो.

त्यानंतर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी: दोन्ही स्तन, दोन्ही काखा, मानेच्या गाठी, पोट, आणि मज्जासंस्थेची साधी पाहणी. मॅमोग्राम वर्षातून एकदा दोन्ही बाजूंचा, कारण हा आजार दुसऱ्या स्तनातही परततो. लक्षण नसताना दर सहा महिन्यांनी पेट नको. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह निघालं तर गोळी कधी थांबवायची ती तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.